सविताची जोडाक्षरं

पालमच्या बसस्थानकामागे दोन खोल्यांत सविता कॉम्प्युटर क्लास चालवते. टायपिंगचा तास संपला की पोरींना ती एक खेळ लावून द्यायची. फुकटचा, जुन्या मशीनवरही चालणारा. लहानसं अवकाशजहाज घ्यायचं, एका ग्रहावर माल भरायचा, ताऱ्यांमधून वाट काढत दुसऱ्या ग्रहावर विकायचा. जमलं तर मोठं जहाज, आणखी लांबचा मुलूख.

पण त्यातलं सगळं बोलणं इंग्रजीत. समोरचा मदत करायलाय की धमकी द्यायलाय, पोरींना कळेना. राणीसावरगावहून येणाऱ्या प्रियंकाने एकदा मदतीला आलेल्या जहाजावरच तोफ डागली आणि स्वतःचं जहाज घालवून बसली.

"मॅडम, हा खेळ आपल्यासाठी न्हाई," ती म्हणाली आणि दप्तर उचलून गेली.

सविताच्या ते जिव्हारी लागलं. खेळ करणाऱ्यांनी तो सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. कोणीही सुधारणा करून पाठवावी, पटली तर ते आत घेत. तिने खेळातलं बोलणं मराठीत करायला घेतलं. चार हजारांवर वाक्यं होती. दुपारी क्लास रिकामा असला की ती बसायची.

शब्द मात्र अडायचे. दुसऱ्या जहाजाला साद घालायचं बटण होतं. शब्दकोशातून तिने 'संपर्क प्रस्थापित करा' असं लिहिलं आणि घरी भाकरी खाताना सासूला वाचून दाखवलं. धुरपताबाई वीस वर्षं सोनपेठ, पालमच्या बाजारात मिरची-लसूण विकत आलेल्या.

"असं कोण बोलतंय गं?" त्या म्हणाल्या. "लांबच्या माणसाला बोलवायचं हाय ना? मग हाळी दे म्हण की."

सविताने 'हाळी द्या' लिहिलं. त्या दिवसापासून अडलेला प्रत्येक शब्द सासूकडे जाऊ लागला.

सहा महिन्यांनी तिने पहिला भाग खेळात टाकून पाहिला. 'ग्रह' फुटून ग, र, ह वेगळे पडले होते. 'हिरा'ची वेलांटी भलत्याच अक्षरावर चढली होती. एकही जोडाक्षर धड नव्हतं. तिने खेळाच्या मंडळींना कळवलं. उत्तर सभ्यपणे आलं: आमच्या खेळाला अशी अक्षरं जोडता येत नाहीत, आमच्यापैकी कोणाला ही लिपी येत नाही, तेव्हा मराठी तूर्त बाजूला ठेवू.

"मग सोडून दे," नवरा हरिओम म्हणाला. "तू तरी काय करणार?"

"त्यांना लिपी येत न्हाई. मला येते," सविता म्हणाली.

पण खेळ ज्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत रचला होता, ती तिला येत नव्हती. ती शिकायला तिने पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. अक्षरं जोडून दाखवणारा एक तयार प्रोग्रॅम मोफत मिळत होता. तो या खेळात बसवायचा होता. पहिल्यांदा बसवला तर खेळ उघडेचना. दुसऱ्यांदा उघडला, पण इतका हळू की जहाज जागचं हलेना. तिने केलेलं काम मंडळींनी तीनदा परत पाठवलं, दर वेळी चुकांची लांबलचक यादी जोडून. पहिली यादी पाहून तिचे डोळे भरले होते. तिसरी आली तेव्हा तिने ती छापून भिंतीला चिकटवली आणि एकेक चूक खोडत गेली. त्यात खरीप गेला, रब्बीही गेली.

चौथ्यांदा काम मंजूर झालं. चैत्रात खेळाची नवी आवृत्ती आली, त्यात भाषांच्या यादीत 'मराठी' होतं, आणि 'ग्रह' अखंड होता.

प्रियंकाला तिने निरोप धाडून बोलावलं. ती मोठ्याने वाचत खेळू लागली. त्या दिवशी बाजार आटोपून धुरपताबाईही आल्या होत्या. प्रियंका धान्य भरायला लागली तशा त्या पुढे सरकल्या.

"थांब गं. तिथं पिकतंय काय, ते विचार आधी."

जिथे माल विकायचा होता, त्या ग्रहाची माहिती प्रियंकाने उघडली. तिथे धान्यच पिकत होतं. तिने माल बदलून अवजारं भरली आणि खुर्ची ओढून धुरपताबाईंना शेजारी बसवून घेतलं.

पुढच्या आठवड्यात नेपाळातल्या एका शिक्षकाचा निरोप आला. सविताच्या कामामुळे त्यांच्या भाषेचीही अक्षरं आता नीट जुळत होती, आणि त्यांनी भाषांतराला हात घातला होता. सविताने तो निरोप दोनदा वाचला, सासूला सांगितला, आणि मराठीची उरलेली नऊशे वाक्यं उघडली.