सव्वातीन लुगड्यांचा देवमासा

शिवकांताबाई नळदुर्गात मुलींच्या शाळेवर उस्तानी होत्या. निजामाच्या राज्यात शिकवणाऱ्या बाईला उस्तानी म्हणत. आमच्या लोकांनी त्याला आणखी एक बाई जोडून उस्तानीबाई केलं होतं. घरी कानडी, पुस्तकात उर्दू आणि मुलींशी मराठी, अशा तीन भाषा त्या दिवसभर बोलत आणि तिन्हींत एक शब्द खोटा बोलत नसत. गावाला याचा फार त्रास होता. नवं लुगडं नेसून कुणी त्यांना कसं दिसतंय म्हणून विचारलं, की ती बाई पुन्हा कधी विचारायची नाही.

त्यांचं लग्न आळंदच्या बाजूला झालं होतं. नवरा पटकीच्या साथीत गेला. थोरले भाऊ कल्याणप्पा यांचं नळदुर्गात कापडाचं दुकान होतं. ते गाडी जुंपून गेले आणि बहिणीला घेऊन आले. घरात कोपरा धरून बसण्यापेक्षा शीक म्हणाले. गुलबर्ग्याला शिकून बाई परत आल्या त्या उस्तानी होऊनच.

स्वतःला न कळलेलं शिकवायचं नाही, हा त्यांचा नेम. वजनाचा धडा आला तेव्हा त्यांनी सगळ्या मुलींना अडत्याच्या काट्यावर बसवून गुळाच्या ढेपांशी तोललं. त्यात एक पोरगी बरोबर दोन ढेपा भरली. ती सासरी जाईपर्यंत तिचं नाव दोनढेपी राहिलं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत वरून नवं उर्दू पुस्तक आलं. त्यात एक धडा होता समुद्रातल्या शिकारी जनावरांचा. शार्क, व्हेल आणि आणखी काही. कागदाची टंचाई म्हणा, छापखान्याची अडचण म्हणा, पण चित्राच्या जागी नुसती रिकामी चौकट होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, तसवीर गौर से देखो. म्हणजे चित्र नीट निरखून पाहा.

बाईंनी ती चौकट पुष्कळ निरखली. मुलींनाही निरखायला लावली. आणि दिवाळीच्या आत मुआयना होता, म्हणजे तपासणी. गुलबर्ग्याहून नाझिराबाई, म्हणजे तपासनीस बाई, येऊन मुलींना एकेक धडा विचारणार होत्या.

अडचण अशी की समुद्र कुणीच पाहिला नव्हता. बाईंनीही नाही. मुलींच्या मते ती एक मोठी विहीर होती आणि तिच्यावर मोट कोण हाकतं, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. बाई त्यांना किल्ल्यात घेऊन गेल्या, बोरी नदीच्या बंधाऱ्यावर उभं केलं आणि म्हणाल्या की हे पाणी बघा आणि पलीकडचा काठ मनातनं काढून टाका. मुलींनी डोळे मिटून काठ काढून टाकला. एक पोरगी रडायलाच लागली. तिचा मामा पलीकडच्या काठाला राहत होता.

शार्कचं त्यांना लगेच पटलं. रक्ताचा वास आला की धावून येतो आणि दातांच्या रांगांवर रांगा असतात, यात गावातल्या मुलींना नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. अयोध्या नावाची एक चुणचुणीत मुलगी होती, तिनं विचारलं, "उस्तानीबाई, त्यो सोमवारी बी खातो का?" बाई लिंगायत, सोमवार कडक पाळणाऱ्या. त्यांनी प्रश्नावर खरोखर विचार केला. मग म्हणाल्या की पुस्तकात वार दिलेले नाहीत, पण बहुतेक खात असावा.

अडलं ते व्हेलपाशी. मराठीत देवमासा. पुस्तक म्हणत होतं, जवळजवळ नव्वद फूट लांब. मुली म्हणाल्या, म्हणजे केवढा? बाईंनी फळ्यावर काढला तर तो वीतभर आला. मुलींनी तो वीतभरच असतो असं पाठ करून टाकलं. बाईंना झोप लागेना. खोटं शिकवल्यासारखं झालं होतं.

शेवटी त्या भावाच्या दुकानी गेल्या आणि चार नऊवारी लुगडी मापापुरती मागितली. कल्याणप्पांनी कुणाला नेसवायची म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, माशाला. कल्याणप्पांना बहीण ठाऊक होती. त्यांनी जरा विटलेली बघून काढून दिली.

शाळेच्या अंगणात दीडच लुगडं मावलं. म्हणून सगळी वरात वेशीबाहेर हिंमतरावांच्या खळ्यावर गेली. हिंमतराव मोठे जमीनदार, त्या दिवसांत परगावी गेलेले. खळं सारवून घोटून तयार, पाटीसारखं सपाट. बाईंनी लुगडी एकापुढं एक अंथरली, चौथ्याचा पाव भाग धरला आणि दोन्ही टोकांना दगड ठेवले. मग लुगडी उचलून मुलींच्या हातानं चुन्याची रेघ ओढून घेतली. पोट, पाठ, डोळा, बिनदातांचं तोंड. पुस्तकात म्हटलं होतं की याला दात नसतात, तो तोंड उघडून पाण्यातले बारके झिंगे गाळून घेतो. शेपूट मात्र खळ्यात मावेना. ते तुळजापूरच्या गाडीवाटेवर गेलं.

मुली डोक्यापासून शेपटापर्यंत चालून आल्या. सव्वातीन लुगड्यांचं जनावर म्हणजे काय, ते त्यांना कळलं होतं. बाईंना त्या दिवशी शांत झोप लागली.

सकाळी गावातली म्हातारी गजराबाई शेण गोळा करायला त्या वाटेनं आली. तिनं ते प्रचंड पांढरं काहीतरी पाहिलं आणि शाळेला निघालेल्या अयोध्येला विचारलं, हे काय गं? अयोध्या म्हणाली, देवमासा. गजराबाईनं त्यातला देव तेवढा ऐकला. घरी जाऊन ती हळद-कुंकू आणि नारळ घेऊन आली.

नवरात्र तोंडावर होतं. तुळजापूरला जाणारी माणसं त्याच वाटेनं चालली होती. वाटेवर शेपूट, शेपटावर कुंकू आणि शेजारी हात जोडलेली म्हातारी. माणसं पायताणं काढून उभी राहायला लागली. गाडीवाले शेपूट चुकवून बांधावरून गाड्या घालायला लागले. दोन दिवसांत नारळांच्या करवंट्या माशाच्या पोटात मावेनात.

बाईंच्या कानावर गेलं तशा त्या तडक खळ्यावर आल्या. गर्दीपुढं उभं राहून त्यांनी स्पष्ट सांगितलं की हा देव नाही, हे समुद्रातलं जनावर आहे, ते झिंगे खातं आणि पिलांना दूध पाजतं. लोकांनी मन लावून ऐकलं. दूध पाजण्यापाशी बायकांनी हात जोडले. गजराबाई म्हणाली, "मंजी आईच की ओ." गर्दीनं उदो उदो केला आणि पुढच्या माणसांसाठी जागा करून दिली.

मग बाई रोज जाऊन तेच सांगायला लागल्या, कारण रोज नवी माणसं यायची. तीही ऐकायची, नमस्कार करायची आणि पुढं जायची. शेवटी बाईंना वाटलं, हे शिकारी जनावर आहे एवढं डोळ्यांना दिसलं तर लोकांना उमज पडेल. म्हणून त्यांनी शेजारी शार्क काढला. त्याचे दात मुलींनी फार जीव लावून काढले.

तिथं सगळंच हातचं गेलं. देवमाशाच्या समोर दात विचकलेला शार्क बघून लोकांच्या मनात जे थोडं कोडं उरलं होतं, तेही सुटलं. हा राक्षस आणि ती आई. आता मारणार. नवरात्रात याहून सरळ अर्थ कुठला? कुणीतरी शार्कच्या गळ्याजवळ लिंबू कापून ठेवलं.

अशात हिंमतराव परत आले. त्यांची बाजरी कापून पडली होती, मळणी करायची होती आणि खळ्यावर देव होता. ते शाळेच्या दारात उभे राहिले. बाईमाणसाच्या शाळेत आत यायचं नाही एवढी रीत त्यांनी पाळली.

"उस्तानीबाई, तुमचा मासा उचला," ते म्हणाले.

बाईंनी सांगितलं की उचलता येत नाही, चुन्याचा आहे. मग पुसा, म्हणाले. बाई केरसुणी घेऊन गेल्यासुद्धा. पण गजराबाई तोंडापाशी बसली होती, ती उठेना. हिंमतरावांनी गड्यांना सांगितलं तर गड्यांनी कानाला हात लावले. तुम्ही पुसाल का म्हणून हिंमतरावांच्या बायकोनं त्यांनाच विचारलं, तेव्हा तेही मागे सरले.

याच गोंधळात नाझिराबाईंची मोटार आली. ड्रायव्हरनं शेपटाअलीकडं ब्रेक लावला आणि यावरून गाडी नेणार नाही म्हणाला. नाझिराबाई बुरखा सावरत उतरल्या. हैदराबादच्या घरंदाज बाई, चष्मा लावणाऱ्या. मुली खळ्यावरच होत्या, म्हणून मुआयना तिथंच झाला. व्हेल किती लांब? अयोध्या म्हणाली, सव्वातीन लुगडी. बाईंनी घाईनं त्याचे फूट करून सांगितले. शार्क काय खातो? सगळं, सोमवारीसुद्धा. नाझिराबाईंनी मान डोलावली. मग त्या देवमाशाभोवती हळूहळू एक फेरी मारून आल्या आणि शिवकांताबाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "उस्तानी, इसका मुँह किधर है?"

बाईंनी तोंड दाखवलं. तुम्हाला कसं ठाऊक, असं नाझिराबाईंनी विचारलं. बाई म्हणाल्या की ठाऊक नाही, पुस्तकात चौकट रिकामी आहे, मजकुरावरून अंदाजानं काढलं. नाझिराबाईंनी पुस्तक मागून घेतलं आणि ती चौकट बराच वेळ पाहिली. समुद्र त्यांनीही पाहिलेला नव्हता.

"हम भी अंदाज़े से ही पूछते हैं," त्या म्हणाल्या आणि शाळेला उत्तम शेरा देऊन शेपटाला वळसा घालून निघून गेल्या. जाताना ड्रायव्हरनं नारळ ठेवला.

हिंमतरावांची बाजरी तशीच पडून होती. बाईंना त्याचं वाईट वाटत होतं. माणसाचं धान्य आपल्या धड्यापायी अडलंय, हे त्यांना सहन होईना. त्या पुन्हा पुन्हा तो धडा वाचत बसल्या आणि शेवटच्या ओळींत त्यांना सापडलं. थंडी पडली की देवमासे थंड पाणी सोडून दूर गरम पाण्याकडं निघून जातात.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ते जसंच्या तसं गर्दीला वाचून दाखवलं. यात खोटं काहीच नव्हतं. पहाटेचा गारठा तर सुरूच झाला होता. लोक विचारात पडले. गजराबाईनं विचारलं, "कंच्या अंगानं जानार?" बाईंनी नकाशा आठवून सोलापूरच्या अंगानं म्हणून सांगितलं.

पौर्णिमेनंतर देवमाशाची पाठवणी झाली. हलगी वाजली. हिंमतरावांनी स्वतः नारळ फोडला. या सगळ्यात जास्त मनापासून तेच होते. गजराबाईनं वाटेसाठी भाकरी-ठेचा बांधून ठेवला. बाईंनी सांगून पाहिलं की त्याला दात नाहीत, तेव्हा तिनं भाकरी दुधात कुस्करली. मग मुलींनी तोंडापासून शेपटापर्यंत चुना झाडून काढला. शार्क मात्र ओवाळल्याबिवाळल्याशिवाय पुसला. त्याच दुपारी खळ्यावर पात धरली आणि बैल फिरायला लागले.

परत कधी येणार, असं लोकांनी विचारलं होतं आणि बाईंना खरं सांगावं लागलं होतं की ऊन तापलं की ते परत फिरतात. त्यामुळं पुढच्या वर्षी सगळं गाव वाट बघत बसलं. बाईंचा नाइलाज झाला. यंदा तो हिंमतरावांच्या पडीक माळावर आला, कारण हिंमतरावांनी आधीच येऊन जागा नेमून दिली होती.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, शाळेत मराठी आली. उर्दू पुस्तक गेलं आणि नव्या पुस्तकात समुद्राचा धडाच नव्हता. बाईंनी देवमासा काढणं थांबवलं नाही. मग एका वर्षी कल्याणप्पांनी सोलापूरहून माल आणला, त्याच्या बांधणीत कुठल्याशा सचित्र मासिकाचं पान आलं. त्यावर देवमाशाचा खराखुरा फोटो होता.

बाईंनी तो पाहिला आणि खाली बसल्या. शेपूट चुकलं होतं. माशाचं शेपूट उभं असतं, देवमाशाचं आडवं. आपण इतकी वर्षं शेकडो माणसांना चूक शिकवलं, याचा त्यांना विलक्षण धक्का बसला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. सकाळी माळावर जाऊन त्यांनी सगळा देवमासा पुसला आणि नव्यानं काढला. या खेपेला वरून दिसतो तसा, पोटावर निजलेला, शेपूट दोन्ही बाजूंना पसरलेलं. मग जमलेल्या माणसांपुढं हात जोडून त्यांनी माफी मागितली.

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. गजराबाई आता फार थकली होती, डोळ्यांना धड दिसत नव्हतं. तिनं अयोध्येचा हात धरून माशाभोवती फेरी घातली, वाकून शेपूट चाचपलं आणि म्हणाली, "माफी कशापायी, बाई? एका कुशीवर किती दिस निजंल? पालथा झालाय."

लोकांना ते पटलं. बाईंनी दोनदा बोलायला तोंड उघडलं. पण हलगी सुरू झाली होती.