गावदेवीची हजेरी

माझी आत्या मोतीबाई धवलारीण होती. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी आत्ताच सांगून टाकते, नाहीतर मध्येच अडवून विचारत बसाल. आम्हा आगरी लोकांच्या लग्नात धवले गाते ती धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेका विधीला तिचं गाणं लागतं. हळदीचं पहिलं बोट गावदेवीला लावायचं ते तिने, नवरीला पाटावर बसवायचं ते तिच्या गाण्यावर, उठवायचं तेही तिच्याच. भटजी दोन तास उशिरा आला तरी कुणी डोक्यात राख घालून घेत नसे, पण धवलारीण आली नाही तर सगळा मांडव हात बांधून बसून राही. आमच्या पाड्यापासून बदलापूर गावापर्यंत धवलारीण एकच, ती म्हणजे आत्या. त्यामुळे तिचा तोरा असा, की समोरून पाटील आला तरी वाट तोच सोडायचा.

धवले एकटीने गात नाहीत. एक पुढे गाते, दुसरी तीच ओळ मागून उचलते. आत्याची जोडीदारीण मुलाबरोबर अंबरनाथला कारखान्याच्या चाळीत राहायला गेली आणि मागची ओळ माझ्या गळ्यात पडली. मी तेव्हा आठ वर्षांची. आईबाप लहानपणीच गेलेले, आत्यानेच वाढवलेली. मला चाळीसेक धवले तोंडपाठ होते, पहाटेचे, तेल चढवायचे, पाठवणीचे. लोक कौतुक करायचे, पोर केवढीशी आणि गळा बघा. कौतुक गेलं खड्ड्यात. मला शाळेत जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, जीव जात होता माझा.

शाळा आमचीच होती, म्हणजे पाड्याने बांधलेली. पुरुषांनी कुडाच्या भिंती उभ्या केल्या, बायांनी सारवल्या, कौलं एका पडक्या गोठ्यावरची उतरवली. फळा आला उल्हासनगरहून. तिथला ईसरदास नावाचा सिंधी कापडाचं गाठोडं घेऊन दारोदार यायचा. भिंती उभ्या राहताना बघून तो खाली बसला आणि म्हणाला, माझी शाळा सिंधमध्येच राहिली. पुढच्या खेपेला त्याने निर्वासितांच्या छावणीतल्या बराकीचं एक मोडकं दार बैलगाडीत घालून आणलं. त्याला काळा रंग दिला, झाला फळा. कडीचं भोक तेवढं बरोबर मधोमध राहिलं. हिंदुराव मास्तर त्या भोकाला वळसा घालून लिहायचे, त्यामुळे आमच्याकडचे त्यांचे जुने विद्यार्थी अजूनही लांबलचक शब्दाच्या मध्ये थोडी जागा सोडतात.

हे हिंदुराव मास्तर साताऱ्याकडचे. मिशा भरघोस, बोलणं मोजकं, आमच्या चालीरीतींचा गंध नाही. शाळेचं पहिलं वर्ष सरत आलं तसं त्यांना स्कूल बोर्डाचं पत्र आलं. माघात ठाण्याहून साहेब तपासणीला येणार. त्या दिवशी चाळीस मुलं पटावर हवीत आणि तीच चाळीस डोळ्यांसमोर बसलेली हवीत. एकही कमी भरलं तर शाळा बंद आणि मास्तरांची बदली. पटावर होती बावीस.

मास्तर आधी बाळा पाटलाकडे गेले. पाटील म्हणाला, बघू. हा शब्द ऐकून मास्तर समजायचं ते समजले आणि सरळ आत्याकडे आले, कारण सगळा पाडा जिला टरकून असतो अशी ती एकच, एवढं त्यांना वर्षभरात कळलं होतं. आत्या सुपात तांदूळ पाखडत होती. तिने ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं, म्हणाली पोरं मी आणते, तुम्ही तुमची बाराखडी सांभाळा. पण एक अट घातली. नावं त्याच दिवशी लिहायची, आधी नाही. मुहूर्ताआधी नाव घेणं तिला पसंत नव्हतं. मास्तरांनी मान हलवली. आणखी काय करणार बिचारे.

दुसऱ्या दिवशी आत्या बाळा पाटलाच्या ओट्यावर जाऊन बसली. त्याच्या थोरल्या मुलाचं लग्न माघातच ठरलेलं आणि घरात गुरांमागे हिंडणारी चार पोरं. आत्याने चहा घेतला, पान घेतलं, नवरीची चौकशी केली आणि उठता उठता म्हणाली, "बाळा, ज्या घरची पोरं शाळंत नाय, त्या घरचा मांडव मुका राहील."

ही बातमी पाड्यात अशी पसरली की संध्याकाळपर्यंत तीन बायका आपापल्या पोरांना बखोटीला धरून आमच्या दारात आल्या. ज्यांच्याकडे लग्न चार वर्षं लांब होतं तेही आले. एका आजोबांनी तर पाळण्यातलं आणलं. आत्याने ते परत पाठवलं, दात आल्यावर आणा म्हणाली.

मोजणीसाठी आत्याला आकडे येत नव्हते. तिने शाळेच्या भिंतीवर हळदीची बोटं उठवायला सुरुवात केली, पटावरची बावीस धरून एका मुलामागे एक. मास्तर रोज येऊन बोटं मोजायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे. पाडा संपला तेव्हा भिंतीवर सदतीस बोटं झाली, आणि आत्याचं शस्त्रही संपलं. कारण उरली ती डोंगरावरची ठाकरवाडी. ठाकर आदिवासींच्या लग्नात त्यांची त्यांची गाणी, त्यांना आत्याच्या मुक्या मांडवाची काय भीती?

तिथे नवसू नावाच्या ठाकराची तीन मुलं होती. आत्या मला घेऊन डोंगर चढली. नवसूने सगळं ऐकलं आणि दोनच गोष्टी मागितल्या. एक, आमची पोरं शाळेत वेगळी बसायची नाहीत. दुसरी, बाय, तू आत्ता माझ्या घरात जेवायचं. त्या काळी आमच्यातलं कुणी ठाकराच्या घरी पाणी पीत नसे. आत्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग पाय धुतले आणि नाचणीची भाकरी, वर वालाची आमटी, असं दणकून जेवली. उतरताना म्हणाली, आमटी आपल्यापेक्षा बरी करतात, पण हे पाटलिणीला सांगू नको.

त्या संध्याकाळी भिंतीवर चाळीस बोटं झाली. मास्तरांनी तीनदा मोजली. मी धीर करून आत्याला म्हटलं, मलाही शाळेत घाल ना. ती म्हणाली, आता चाळीस भरली. मी म्हटलं, एक्केचाळीस झाली तर साहेब मारणार आहे का? ती चुलीकडे वळली. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र म्हणाली, "तू गेलीस तर माझ्या मागून ओळ कोन उचलील गो?"

मला तिचा राग आला होता. इतका, की मी कूस वळवून भिंतीकडे तोंड केलं. सगळ्या पाड्याच्या घरात शिरून पोरं ओढून काढणारी ही बाई, आणि स्वतःच्या घरात हे.

तपासणीच्या चार दिवस आधी मास्तर आत्याला सहज म्हणाले, सगळ्या घरांना आमंत्रण द्या म्हणजे पालकही येतील, साहेबांवर छाप पडेल. झालं. आत्याला आमंत्रणाची एकच पद्धत ठाऊक. डोक्यावर पदर, हातात ताट, ताटात कुंकू आणि अक्षता. घरोघरी उंबऱ्यावर तांदूळ ठेवून ती सांगत गेली, अमुक दिवशी शाळेत यायचं, सगळ्यांनी यायचं. ताट धरून मी मागे. आता ज्या घरी धवलारीण अक्षता देऊन जाते, त्या घरचा माणूस काय समजणार?

तपासणीच्या दिवशी साहेबांचा टांगा बदलापूर स्टेशनावरून आला. साहेब शिडशिडीत, डोक्यावर हॅट, काखेत फाईल. टांगा वळणावर आला आणि ढोल सुरू झाला. वर सनई. सगळा पाडा नव्या लुगड्यांत आणि धुतल्या धोतरांत शाळेपुढे उभा, दाराला आंब्याची डहाळी, बायांच्या हातात आहेर. कोणी तांब्या आणला होता, कोणी खण, एकीने चक्क कोंबडा. लग्न कुणाचं हे कुणालाच माहीत नव्हतं, पण टांग्यातून हॅटवाला उतरल्याबरोबर सगळ्यांचं शंकानिरसन झालं. मास्तर पुढे धावेपर्यंत पाटलिणीने साहेबांचे पाय धुतले होते आणि दोघी-तिघींनी त्यांच्या दोन्ही गालांना हळद फासली होती. साहेब एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, माझं झालंय, माझं झालंय हो. त्यावर एक म्हातारी म्हणाली, मग मेल्या, सांगायचं नाहीस आधी?

हसून हसून माझ्या हातातलं हळदीचं ताट हिंदकळत होतं. मास्तरांचा चेहरा मात्र फळ्यासारखा झाला होता. पण साहेब खरे कामाचे. त्यांनी तोंड धुतलं, गाल पिवळेच राहिले, आणि खुर्चीवर बसून म्हणाले, मुलं बसवा.

मुलं बसली. नवसूची तिन्ही पाटलाच्या पोरांच्या मध्ये, जशी कबुली होती तशी. मास्तरांनी नव्यांचं एकेक नाव लिहिलं आणि साहेबांनी सगळ्यांना मोजलं. एकोणचाळीस. पुन्हा मोजलं. एकोणचाळीस. ढोल आपोआप थांबला. मास्तर खिडकीतून, दारामागून, कौलांकडेसुद्धा बघून आले.

आत्या भिंतीकडे बोट दाखवून भांडायला उठली. चाळीस बोटं आहेत, साहेबांनी स्वतः मोजावीत. साहेबांनी मोजली, ती चाळीसच भरली. मग ते शांतपणे म्हणाले, बाई, एकेक बोट कुणाचं ते सांगा. आत्या शेवटच्या बोटापासून मागे येत गेली. हे नवसूचं धाकटं, ही नवसूची पोर, हा पाटलाचा तिसरा. प्रत्येक पोर हात वर करत होतं. पहिल्या बोटाशी आल्यावर ती थांबली. हात भिंतीवरच राहिला. आयुष्यभराची सवय, हळदीचं पहिलं बोट कुणाला लागतं?

"ही गावदेवी," ती म्हणाली.

साहेबांनी विचारलं, ती हजर आहे का? आत्या म्हणाली, हजर कायम असते, पण मांडी घालून बसत नाय. लोक हसले आणि लगेच गप्प झाले, कारण साहेबांनी फाईल उघडली होती आणि लेखणीचं टोपण काढलं होतं. मास्तर खाली बघत होते.

तेवढ्यात बाळा पाटील मागून पुढे आला. चार महिन्यांचा राग त्याने नीट जपून ठेवला असावा, पण बोलला हळूच.

"मोतीबाय, तुझ्या घरची पोर कुठल्या बोटात हाय?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. मी ताट धरून आत्याच्या मागे उभी, नेहमीच्या जागी. आत्याने माझ्याकडे बघितलं. मग तिने माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, पाटलिणीच्या हातात दिलं, बोट बुडवलं आणि भिंतीवर शेवटी एक नवं बोट उठवलं. माझं मनगट धरून तिने मला नवसूच्या मुलीशेजारी बसवलं. मला इतका आनंद झाला की मी बसता बसता त्या मुलीच्या मांडीवरच बसले.

मास्तरांनी नाव लिहिलं. पालकाचा धंदा विचारला. आत्या म्हणाली, लिवा, लग्नं लावते. मास्तरांनी तसंच लिहिलं.

आता पोर दुसऱ्याच्या घरी दिली म्हणजे पाठवणीचा धवला आलाच. कुणी सांगितलं नव्हतं, आत्याने आपला सुरू केला. "उंबऱ्याभायेर पाय टाक गो बाय, मागं बघू नको." ओळ संपली आणि ती सवयीने थांबली, मागून कुणी उचलावी म्हणून. उचलणारी मी, पण मी आज नवरी. नवरीने स्वतःच्या पाठवणीत गायचं नसतं. आत्याचा आवाज तसाच लोंबकळत राहिला. तिचे डोळे भरले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सगळ्या रांगांनी ती ओळ उचलली. मांडवामांडवांतून पेंगत वाढलेली पोरं ती, त्यांना काय शिकवायचं होतं? नवसूच्या तिघांना ओळ ठाऊक नव्हती, ती अर्धा शब्द मागून आली, पण आवाज त्यांचाच सगळ्यांत मोठा. आत्या रडत होती आणि हसत होती आणि पुढची ओळ सोडत होती. ढोल्याने ढोल उचलला. कोंबडा कुणाच्या तरी हातातून सुटला आणि साहेबांच्या फाईलवर जाऊन उभा राहिला.

साहेबांनी त्याला बाजूला करून शेरा लिहिला. पट चाळीस, हजर चाळीस. समूहगान उत्तम. शाळा चालू ठेवावी.

तो शेरा मास्तरांनी फळ्याशेजारी टांगून ठेवला. वर्षभराने मला वाचता यायला लागलं, तेव्हा आत्या मला तिथे घेऊन गेली आणि म्हणाली, वाच. मी वाचलं. समूहगान उत्तम हे तिने दोनदा वाचायला लावलं. मग जरा थांबून, दुसरीकडेच बघत तिने विचारलं, पुढं गानारीचं काय लिवलंय?

काहीच लिहिलेलं नव्हतं. मी कागदावर बोट ठेवलं आणि एकेक शब्द लावत वाचलं, "मोतीबाई धवलारीण, अतिउत्तम."

माझ्या शिक्षणाचा पहिला उपयोग मी हा केला. आत्याने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, मना वाटलंच.