चेटकिणींची चित्रं आणि वसुधाताईंचे लाडू

वसुधाताईंना त्या चित्रांची मनस्वी किळस यायची. म्युनिकच्या एका संग्रहालयात चारशे वर्षांपूर्वीची छापील चित्रं पुठ्ठ्यावर बसवायची, ही त्यांची नोकरी. यजमान इथे संशोधनाला आले नि न्यूमोनियाने गेले. मागे पोट भरायला हीच एक मिळाली. एकोणीसशे एकसष्टच्या त्या हिवाळ्यात चेटकिणींचा गठ्ठा आला होता. शी! नागड्या म्हाताऱ्या, बोकडावर उलट्या बसलेल्या, हंड्यात काहीबाही ढवळणाऱ्या. काढणारे सगळे बाप्ये, आणि बघायला येणारे विद्वानही मेले मिटक्या मारत बघायचे.

"एकटी बाई दिसली की तुमच्या पोटात का दुखतं रे?" ताई मराठीत पुटपुटायच्या. पण मराठी घरात गेल्या की काही खटकलं तरी तोंड मिटून बसायच्या. सगळ्या म्युनिकमध्ये अशी घरं तीन-चार. तीही तुटली तर आपल्या भाषेत बोलायचं कुणाशी?

संक्रांतीला वीणाचा निरोप आला. वीणा म्हणजे यजमानांच्या हाताखाली शिकलेल्या श्रीरंगची बायको. "ताई, तिळाचे लाडू तुमच्याच हातचे हवेत हं!" ताईंनी हौसेने लाडू वळले, डबा घेऊन गेल्या. वीणा दारातच कानाशी लागली.

"जरा स्वयंपाकघरात बसता? हळदीकुंकू उरकलं की बोलावते. बाकीच्यांना उगाच... तुम्हाला कळतंच की."

ताई शेगडीजवळ बसल्या. पातेल्यात चहाचं आधण खदखदत होतं. एकटी बाई, पुढ्यात भांडं. बसवलंच की मला चित्रात! दार अर्धवट उघडं होतं. बाहेर मधल्या खुर्चीत घरमालकीण फ्राऊ लेर्मर बसली होती, आणि वीणा तिला ठसठशीत कुंकू लावत होती.

ताई तडक बाहेर आल्या. जर्मनमध्ये विचारलं, "फ्राऊ लेर्मर, तुमचे यजमान?"

"रशियात पडले ना, लढाईत," म्हातारी सहज म्हणाली.

"वीणा," ताई म्हणाल्या, "एक तर मलाही लाव, नाहीतर त्यांचं पूस."

पुसलं तर बिऱ्हाड हलवायची पाळी! वीणाचं बोट कुंकवात बुडून ताईंच्या कपाळाकडे आलं. ताईंनी मान मागे घेतली.

"राहू दे. असल्या कुंकवाची किळस येते मला."

त्यांनी डब्यातला एक लाडू फ्राऊ लेर्मरच्या हातावर ठेवला आणि झाकण घट्ट लावलं.

"बाकीचे परत नेते. आज गोड बोलणं मला जमायचं नाही."