बेचाळीस नंबरचा ठिपका

अपेक्षा साळवेला मी नोकरीवर घेतलं ते तिच्या मार्कांवर नाही, तिच्या बापावर. बाप पुंजाराम, एसटीत कंडक्टर. तिकिटं चौतीस आणि डोकी तेहतीस भरली तर गाडी जागची हलू द्यायचा नाही, मग ड्रायव्हर शिव्या घालो नाहीतर प्रवासी. पोरगीही तशीच. फुलंब्रीहून रोज सकाळी येते, डबा ठेवते, काळी स्क्रीन उघडते आणि मान खाली. माझ्या ऑफिसात तिच्याइतकं माझं डोकं कुणी खात नाही, आणि तिच्याइतका माझा भरवसाही कुणावर नाही.

आमचं काम सोपं करून सांगतो. इमारतीला आग लागली तर माणसं बाहेर कशी पडतील, हे कॉम्प्युटरवर चालवून बघायचं. नकाशावर एकेक माणूस म्हणजे एकेक ठिपका. दोनशे वेळा आग लावायची, दर वेळी वेगळ्या कोपऱ्यात. प्रत्येक वेळची एक फाइल, हजारो ओळींची. त्या वाचत बसलं तर जन्म जाईल. अपेक्षा एकच ओळ टाइप करते, एंटर मारते, आणि दोनशे फाइलींचा एक तक्ता होऊन समोर पडतो: आत किती, बाहेर किती, मागं किती, शेवटी कोण निघालं.

गेल्या वर्षी गुलमंडीतल्या एका कापड दुकानाचं काम आलं. तीन मजले, मालकासकट बेचाळीस माणसं. मोजमाप मी स्वतः घेतलं. कोण कुठं बसतं ती यादी दुकानानं हजेरीबुकातून उतरवून दिली. सोमवारी रिपोर्ट द्यायचा होता, दुकानाचं सर्टिफिकेट त्यावर अडलेलं. गिऱ्हाईकं सोडून आधी नुसत्या दुकानातल्या माणसांची चाचणी लावली. शुक्रवारी दुपारी अपेक्षानं तक्ता काढला अन् मला हाक मारली.

'मागं किती' या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक. एक. एक. दोनशे वेळा एक.

"कोण गं हा?"

"बेचाळीस नंबर, सर. कडूबाई. दुसरा मजला, मागची खोली, फॉल-पिको. जागच्या हलतच नाहीत."

मी चिडलो. त्या खोलीच्या दाराला कपाट लावलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आत माणूस असेलच कसा? "यादी चुकलीय. काढ ते नाव आणि मोकळी हो."

"सर, न जुळणारं डोकंच कमी करायचं?"

"काढ म्हणतो ना!"

तिनं काढलं. चार वाजता पुन्हा तक्ता आला. आत एक्केचाळीस, बाहेर चाळीस. मागं एक.

माझा चहा हातातच राहिला. या वेळी मागं राहिला होता एक्केचाळीस नंबर. तात्यासाहेब, दुकानाचे मालक. अहो, ते तर तळमजल्यावर गल्ल्यावर बसतात, रस्त्याच्या दारापासून चार पावलांवर! अपेक्षानं एक फाइल उघडून त्यांची वाट दाखवली. सगळे ठिपके जिना उतरतायत, आणि हा एकटा त्यांच्यातून वर चाललाय. दुसरा मजला. मागची खोली. कपाटासमोर येऊन थांबला. दुसरी फाइल, तेच. दहावी, तेच. खरं सांगतो, भर दुपारी अंगावर काटा आला. "प्रोग्राम गंडलाय," मी म्हटलं, पण ते माझं मलाच पटलं नाही.

"सर, दुकानात चला," म्हणत ती उठलीसुद्धा.

दुसऱ्या मजल्यावर तनुजा नावाची सेल्सगर्ल साड्यांच्या घड्या घालत होती. अपेक्षानं कडूबाईंचं नाव घेतलं तसा तिचा हात थांबला.

"त्या वारल्या की, ताई. चार वर्षं झाली. पण हजेरीत नाव हाय अजून. तात्यासाहेब रोज सकाळी पुकारतेत, आणि स्वतःच 'हजर' म्हणतेत. आम्ही खाली माना घालतो. इचारायचं कुणी?"

"आणि हे कपाट?"

"त्यांनीच लावलं. तवापासून वर फिरकत नाहीत."

खाली गल्ल्यावर म्हातारा एकटाच बसला होता. मी डोळ्यांनी खुणावत होतो, नको गं बाई, आलेलं काम हातचं जाईल. पण ऐकेल ती पुंजारामची पोर कसली! तिनं तक्ता त्यांच्यापुढं ठेवला. "तात्यासाहेब, आग लागली तर तुम्ही बाहेर पडत नाही. वर जाता. कडूबाईंच्या दारात थांबता."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"व्हय. वरच जाईन मी," ते म्हणाले. "दिवाळीची गर्दी होती, पोरी. लई थकलो होतो. कोण राहिलं, कोण गेलं, बघितलंच नाही, शटर पाडलं. कुलूप लावताना वरून हाक आली होती. मला वाटलं, रस्त्यावरचं कुणी असंल. सकाळी बघतो तर दारापाशी पडलेली. छातीत कळ आली होती तिच्या…"

अपेक्षा म्हणाली, "नाव राहू द्या. कपाट काढा."

चार जणांनी कपाट सरकवलं. मशीनवर, खिडकीवर, सुईखाली अर्धवट राहिलेल्या साडीवर बोटभर धूळ. बसायच्या स्टुलावर तेवढी नव्हती. तात्यासाहेब उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथंच उभे राहिले.

सोमवारी सकाळी ते आपणहून आमच्या ऑफिसात आले. अपेक्षानं नकाशावर दार मोकळं केलं आणि पुन्हा एंटर मारलं. एक्केचाळिसांचे एक्केचाळीस बाहेर, मागं शून्य. तोच तक्ता मी रिपोर्टला जोडला. मग मला न विचारता तिनं बेचाळीस नंबर परत जागेवर ठेवला. तात्यासाहेब खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

आत बेचाळीस, बाहेर बेचाळीस. शेवटी निघणारी मात्र दर वेळी तीच दोघं, एकामागं एक.

"पुढं कोण हाय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"त्या. तुम्ही मागं."

"नीट बघ, पोरी."

"दोनशे वेळा बघितलं, तात्यासाहेब. त्या पुढं आहेत."

"मग झालं," म्हातारा म्हणाला, आणि तिथंच, आम्हा दोघांसमोर, हुंदके देऊन रडला.