लिस्बनमधलं ‘नको हो’

लिस्बन बघताना मी दिवसभर उपाशी फिरले, तेही स्वतःच्या मूर्खपणाने. तेव्हा नवी नवी सासू होते ना, मोठा मान मला! तिथेच नोकरीला असलेल्या आमच्या उरणच्या जावयाने सकाळी पेस्ट्री विचारली, दुपारी किल्ल्याच्या चढावर गुडघ्यांचा भुगा झाल्यावर भाजलेल्या तारल्या विचारल्या. दोन्ही वेळा मी म्हटलं, ‘नको हो.’ जावयाकडे लगेच हो म्हणायचं नसतं, आग्रह झाल्यावर घ्यायचं! पण हा बाबा एकटाच तारल्यांचे काटे चोखत मला चर्चचे घुमट दाखवत राहिला. संध्याकाळी भर रस्त्यात मी खेकसलेच, ‘जावईबापू, सासूला कुणी एकदाच विचारतं का?’

तो म्हणाला, ‘आई, हितं आग्रह नाय करत कोनी. भूक हाय तर हाय बोला, नायतर तुमचा वाटा मीच खानार.’