मेंढ्याच्या गळ्यातली चावी

नवस मी बोलले होते आणि बाटलीही मीच आणायला लावली होती. त्यामुळे पुढे जे झालं त्यात दुसऱ्या कुणाला नाव ठेवायची सोय नाही. नातू दहावी पास होईल असं मलाही वाटत नव्हतं. झालाच तर म्हसोबाला कोंबडं आणि दारू देईन म्हणाले, आणि झाला. आमच्या म्हसोबाला दारू चालते. देवापुढं थोडी ओतायची, उरलेली प्रसाद म्हणून वाटायची. देऊळ धारूरच्या डोंगरावर, गाव घाटाखाली. पौषातल्या एका रविवारी मुलाच्या पिकअपमधून आम्ही घरचे दहा-बारा जण गेलो.

दुपारची जेवणं होईतो मुलानं इतका प्रसाद घेतला की लिंबाखाली आडवा झाला. त्याला उचलून गाडीत मागं टाकलं. नातवालाही ग्लासभर मिळाली होती. सोळा वर्षांचं पोर, लायसन नाही. पण बाप पडला म्हणून तोच शहाणा ठरला. सून म्हणाली, "आत्याबाई, त्याच्या हातात गाडी देऊ नका. तोंडाचा वास यायलाय."

मी म्हणाले, "परसाद कुनाला चढत नसतो. बस गुमान."

घाटात पहिल्याच वळणाला चाक कडेच्या खडीवर गेलं. मी पुढं बसले होते. खाली दरी दिसली. "हळू रे," म्हणाले तर हसला. "आजे, भिऊ नको. म्हसोबा बसलाय गाडीत!" मागं लेकरं टाळ्या पिटत होती. मी मनात देवाचा धावा केला, पण कोणत्या तोंडानं? एवढंच म्हणाले, देवा, गाडी थांबव.

पुढं रस्ताभर मेंढरं होती. करकचून ब्रेक लागला, गाडी एका मेंढीपासून हातभर अंतरावर थांबली. नातू हॉर्न वाजवत राहिला. एक म्हातारा मेंढपाळ सावकाश खिडकीशी आला, त्यानं वास घेतला आणि आत हात घालून चावी काढली.

"ए बाबा, चावी दे बे!" नातू ओरडला.

म्हातारा रागावला नाही. त्यानं लोकरीच्या दोरीनं चावी एका काळ्या कानाच्या मेंढ्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला कळपात सोडलं. "धरून आन. धरलास तर जा. माझी सात वर्साची नात बी धरती त्याला."

नातू धावला. दोनदा पडला, तिसऱ्यांदा भलत्याच मेंढीला मिठी मारली. मागची माणसं हसली. मग तो रस्त्यातच बसून ओकला आणि कुणी हसेना.

म्हातारा मला म्हणाला, "माय, तुमी पुढं बसल्या व्हत्या. वास आला न्हाई?"

"आला व्हता," मी म्हणाले.

त्यानं शीळ घातली, मेंढा आपणहून आला. चावी त्यानं माझ्या हातात दिली. जरा मोकळं व्हावं म्हणून मी वळणापर्यंत चालत गेले. वळणापलीकडं उसाची ट्रॉली मोडून आडवी पडली होती आणि तिच्या सावलीत ऊसतोड्यांची तीन लेकरं ऊस खात बसली होती. मी तिथंच खाली बसले. गावातून दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत चावी माझ्या कनवटीला होती.

तो म्हातारा पुन्हा दिसला नाही. लोक म्हणतात, म्हसोबाच होता. मी तसं म्हणत नाही. त्याच्या अंगाला मेंढरांचा वास होता आणि जाताना त्यानं तंबाखू मागून घेतली. पण गाडी थांबव म्हणाले होते आणि गाडी थांबली, एवढं मला ठाऊक आहे. त्याचे उपकार मी रोज आठवते.

पुढच्या साली मी नुसता नारळ नेला. पुजारी म्हणाला, देव कोपेल. मी देवाला सांगितलं, कोपायचं तर माझ्यावर कोप. जन्मभर तुझ्याशी सौदे केले, आता तू ठेवशील तसं राहीन. आजवर तरी कोपला नाही.

नातू आता अठराचा झालाय, लायसन काढलंय. चावी माझ्या कनवटीलाच असते. निघताना तो माझ्यापुढं वाकतो, मी तोंडाचा वास घेते, मगच देते. चारचौघांत त्याला लाज वाटते. वाटू दे.