जयसिंगआप्पांची तीन बोटं

माझ्या दवाखान्यात दाताच्या प्रत्येक दुखण्याची व्याख्या एकच: कीड. हिरडी सुजली, कीड. अक्कलदाढ आली, कीड. रूट कॅनॉल म्हणजे नस मारणं, आणि दात साफ करणं म्हणजे दात खिळखिळे करणं. शिरूरच्या बाजारपेठेत बसून मी या व्याख्या खोडत आले आणि रोज हरत आले.

जयसिंगआप्पाही कीड काढायलाच आले होते. "भाजी तोंडात धरवत न्हाई, मॅडम. नुसती आग हुती."

वडगाव रासाईच्या या माणसाला आमच्याकडे कोण ओळखत नाही! बैलगाडा शर्यतीचे निवेदक. गाडा सुटला की त्यांचा "भिर्रर्र" घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. कुठल्या बैलानं कुठल्या यात्रेत काय केलं, सगळं तोंडपाठ. दिवसभर उन्हात बोलून घसा कोरडा पडू नये म्हणून गालात सुपारी असायची. लोक हाराबरोबर सुपारीच्या पुड्या द्यायचे, तेही प्रेमानं. आप्पांनी कधी कुणाचं मन मोडलं नाही.

मी त्यांना त्यांचीच तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगितली. धडधाकट माणसाची जातात. आप्पांची दोन गेली, तीही कशीबशी.

"याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात," मी म्हणाले.

"म्हंजी?"

"गालाच्या आतल्या मऊ कातडीखाली दोरासारखे ताठ पट्टे तयार होतात. तोंड हळूहळू उघडेनासं होतं. सुपारीनं होतं. पुढं कॅन्सरची भीती असते."

"सुपारीनं? अवो, सुपारी तर मी आवाज टिकावा म्हणून खातो!"

मला भयंकर राग आला. त्यांचा नाही, पुड्या देणाऱ्या त्या सगळ्या प्रेमळ माणसांचा.

आप्पांनी सुपारी त्याच दिवशी सोडली. गालात इंजेक्शनं घेतली, तोंडाचे व्यायाम केले. पुण्याला ऑपरेशन झालं; तोंड जरा उघडलं आणि पुन्हा आवळत गेलं. शेवटी एकच बोट जाऊ लागलं. जीभही वळेना. भाकरी दुधात कुस्करून खायची वेळ आली. यात्रांची बोलावणी बंद झाली. त्यांच्या पत्नी, सविताबाई, एकदा बाहेर बाकावर मला म्हणाल्या, "ते काय बोलत्यात ते आता मलाच कळतं बघा. दुसऱ्या कुणाला न्हाई."

या वर्षी यात्रेच्या आधी आप्पा आले आणि म्हणाले, "माझ्या रोगाची ती व्याख्या परत सांगा." सविताबाईंनी मला ते उलगडून सांगितलं. आप्पांना ती माईकवरून सांगायची होती. घाटात जमणाऱ्या निम्म्या पोरांच्या गालात पुडी असते. "माझं ऐकत्याल ती," ते म्हणाले. माझ्या खुर्चीत बसून त्यांनी एकेक शब्द घोकला. बैलांची नावं अशीच पाठ केली असणार.

मी दवाखाना बंद ठेवून यात्रेला गेले. आयोजकांपैकी रोहन नावाच्या तरुणानं आप्पांना मानानं वर बोलावलं, फेटा बांधला. टाळ्या, शिट्ट्या झाल्या. आप्पांनी माईक हातात घेतला आणि घाट शांत झाला.

ते बोलू लागले. मला अख्खी व्याख्या येत होती, तरी शब्द हाती लागेनात. "गाल" कळलं, "दोर" कळलं. बाकी नुसती घरघर.

मागून कुणीतरी ओरडलं, "माईक खराब हाय! माईक बदला!"

माईक बदलला. आप्पांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तोच ओरडा, आता चहूकडून. माझ्या डोळ्यांना धार लागली. वर जाऊन मीच सांगावं असं वाटलं, पण त्यांच्या हातातला माईक ओढून घेणं मला जमलं नसतं.

रोहन लगबगीनं पुढं आला. त्यानं खिशातली पुडी काढली, फाडली आणि आप्पांच्या तळहातावर रिकामी केली.

"आप्पा, घसा बसलाय तुमचा," तो काळजीनं म्हणाला. "एवढी सुपारी टाका तोंडात. आवाज मोकळा हुईल."